विसार देण्याआधी त्या बंगल्याच्या गच्चीवर चढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात प्रभात रस्त्याच्या एका गल्लीत १९६४ साली बांधलेला दुमजली बंगला विक्रीला आहे. जाहिरातीत ‘मॉडर्निस्ट शैलीतील वास्तू, नूतनीकरणास भरपूर वाव’ असं म्हटलंय. लांबलचक पातळ छज्जे, दिवाणखान्याची भिंतभर खिडकी, जिन्यातली सिमेंटची जाळी, मोझॅकची जमीन हे सगळं तुम्हा दोघांना पाहताक्षणी आवडलं. मेहुणे म्हणतात, ‘प्लॉट म्हणून घ्या आणि पाडा.’ एका ठेकेदाराने अर्ध्या तासात घर फिरून दुरुस्तीचा चौरस फुटाचा दरही सांगून टाकला. आईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांची झोपायची खोली तळमजल्यावरच हवी. तर हे घर घ्यावं का, आणि घेतलं तर दुरुस्तीला किती लागतील?

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. जुन्या बंगल्यांची तपासणी आणि दुरुस्ती हेच गेल्या सत्तावीस वर्षांतलं माझं मुख्य काम, आणि त्यातले निम्म्याहून जास्त बंगले डेक्कन, एरंडवणे आणि मॉडेल कॉलनीतले. किती लागतील हे घर न उघडता मला सांगता येणार नाही. अर्ध्या तासात ज्याने दर सांगितला त्यालाही ते ठाऊक नाही. ते कशावर ठरतं, हे मात्र नीट सांगता येईल.

आधी जाहिरातीतल्या त्या ‘वाव’ शब्दाबद्दल. अशा बंगल्याची किंमत जवळपास सगळी जमिनीची असते. त्या जमिनीवर किती बांधता येईल याचा हिशोब करून बिल्डर जी रक्कम देईल, त्याच्या आसपास मालक भाव सांगतो. बिल्डरच्या हिशोबात घराची किंमत शून्य, उलट पाडायचा खर्च वजा. तुम्ही तेच पैसे मोजणार, पण घरासाठी. म्हणून तुमचा खरा प्रश्न असा आहे: हे घर अजून तीस-चाळीस वर्षं सुखरूप उभं राहील का, आणि तसं उभं ठेवताना ते हेच घर उरेल का? दुसरा अर्धा भाग बहुतेक जण विचारत नाहीत. या शैलीच्या घरात सगळा पेच तिथेच असतो.

कारण असं, की ही घरं जिथे सुंदर आहेत तिथेच आजारी पडतात. वाड्याचं देखणेपण लाकडात आणि कोरीव कामात असतं, साठच्या दशकातल्या या बंगल्यांचं असतं पातळपणात. छज्जा भिंतीतून तीन-साडेतीन फूट बाहेर येतो आणि टोकाला जेमतेम दोन-अडीच इंच उरतो. खाली खांब नाही, आधार नाही. दुपारी त्याची सरळ सावली भिंतीवर पडते तेव्हा घर हलकं वाटतं. त्या अडीच इंचांत तीन सुती (म्हणजे ३/८ इंच जाडीच्या) गुळगुळीत सळया असतात आणि सळईवर काँक्रीटचं कव्हर असतं अर्धा इंच, फार तर पाऊण.

सळईला गंजू न देण्याचं काम काँक्रीटमधला क्षार (अल्कली) करतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि तो क्षारपणा मारत जातो. ही आत शिरण्याची खोली वर्षांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. पहिल्या पंधरा वर्षांत १५ मिलिमीटर गेली असेल, तर साठ वर्षांत ३० मिलिमीटर. अर्धा इंच म्हणजे सुमारे साडेबारा मिलिमीटर. म्हणजे तुमच्या छज्ज्यातल्या सळईचं कवच बहुधा ऐंशीच्या दशकाच्या आधीच संपलं. तेव्हापासून ती टिकली असेल तर फक्त कोरडी राहिली म्हणून. पाणी लागलं की ती गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा घेतो. मग पोपडे सुटतात आणि एक दिवस अंगणात तुकडा पडलेला सापडतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, यात चूक झाली की माणसं जखमी होतात. छतात मुख्य सळया खालच्या अंगाला असतात, त्यामुळे आजार खालून दिसतो. बाहेर झुकलेल्या छज्ज्यात त्या वरच्या अंगाला असतात, कारण ताण वरच्या अंगाला येतो. म्हणजे खालून पांढराशुभ्र रंगवलेला छज्जा वरून, अगदी भिंतीच्या मुळाशी, कुजलेला असू शकतो. त्यावर पानं साचतात, एसीचं पाणी ठिबकतं, कुणी कुंड्यांची रांग लावतं. घर दाखवणारा तुम्हाला अंगणात उभं करून वर पाहायला सांगेल. तुम्ही वरच्या मजल्याच्या खिडकीतून खाली छज्ज्यावर पाहा. मुळाशी भिंतीला समांतर चीर असेल आणि तिथे तांबूस डाग असतील, तर त्या छज्ज्याखाली उभे राहू नका. मालकांनाही तसं सांगा, तुमचा व्यवहार होवो न होवो.

माझ्या सुरुवातीच्या कामांपैकी एक बंगला मॉडेल कॉलनीत होता. छज्जे असेच होते. मी नियमाप्रमाणे दुरुस्ती केली. सळया साफ केल्या, वरून नवी जाळी बांधली, मायक्रोकाँक्रीट ओतलं, खालून ब्रॅकेट दिले. अडीच इंचांचा छज्जा साडेपाच इंचांचा झाला. गणिताला काही चूक नव्हती, घर आजही सुरक्षित आहे. पण मालकीणबाई काम संपल्यावर फाटकात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “घर मजबूत झालं, पण आमचं राहिलं नाही.” त्यांच्या वडिलांनी ते बांधलं होतं. त्या रस्त्याने जाताना मला अजूनही ते वाक्य ऐकू येतं, आणि तेव्हापासून मी दुरुस्तीच्या प्रत्येक आराखड्यावर मूळ जाडी लिहून ठेवते. ती वाढवायची असेल तर कारणही लिहायचं, हा माझा स्वतःपुरता नियम.

जाडी न वाढवता काम करता येतं. सैल काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढायचं, गंज पूर्ण घासायचा, सळई एक चतुर्थांशाहून जास्त झिजली असेल तर जोडीला नवी द्यायची, आणि पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने मूळ रेषेपर्यंतच भरायचं. टोकाखाली पाणी तोडणारी खाच पुन्हा कोरायची. ती जवळजवळ प्रत्येक घरात रंगाच्या थरांनी बुजलेली असते, आणि पाणी टोकावरून न पडता खालच्या अंगाने भिंतीकडे सरकत राहतं. वरून ढाळ देऊन वॉटरप्रूफिंग करायचं. मुळाशी सळईच गेली असेल, तर छज्जा कापून त्याच मापाचा नवा ओतायचा. त्यासाठी मागचा स्लॅब धडधाकट हवा, कारण नव्या सळया त्यात पुरेशा लांब रोवाव्या लागतात. हे काम ब्रॅकेट लावण्यापेक्षा महाग आहे आणि सावकाश होतं. पण हेच केलं तर घराची रेषा राहते. म्हणून मी सांगते, दुरुस्तीच्या खर्चाचा पहिला अंदाज चौरस फुटांवर न काढता छज्ज्यांच्या आणि गच्चीच्या कडेच्या धावत्या फुटांवर, म्हणजे लांबीवर, काढा.

आता गच्ची. सपाट गच्ची ही या शैलीची खूण, आणि पुण्याच्या पावसात तिचा जीव कोब्यावर, म्हणजे स्लॅबवरच्या पाणी अडवणाऱ्या थरावर, असतो. वीट-तुकड्यांचा मूळ कोबा साधारण चार इंचांचा. गळायला लागलं की पुढच्या पिढीने जुना न काढता त्यावर दुसरा घातलेला असतो. हिशोब करून पाहा. चार इंची कोब्याचं वजन एका चौरस मीटरला सुमारे २०० किलो. वापराच्या गच्चीवर माणसं, वाळवणं, खुर्च्या हे सगळं धरून आपण १५० किलो धरतो. म्हणजे एक जादा कोबा हा कायम भरलेल्या गच्चीपेक्षा जड. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर तो साडेअठरा टन भरतो. एरंडवण्यात एका ठिकाणी आम्हाला तीन थर सापडले, आणि सर्वांत वर चिनी मातीच्या तुकड्यांचं मोझॅक. दिवाणखान्याचा स्लॅब मधोमध झुकला होता आणि घरातली माणसं अनेक वर्षं पंख्याचा रॉड वाकडा लागलाय असं समजत होती.

तुम्ही गच्चीवर गेलात की तीन गोष्टी पाहा. जिन्याच्या दारातून गच्चीवर पाऊल टाकताना चढावं लागतं की उतरावं लागतं? चढावं लागत असेल, तर थर वाढलेत. कठड्याच्या मुळाशी गोलाई देऊन मारलेला वाटा शाबूत आहे की भेगाळलाय? आणि पावसाच्या पाण्याचे पाइप किती आहेत, त्यांची तोंडं किती रुंद आहेत? बऱ्याच घरांत मूळचा एखादा पाइप बुजवून तिथे डिशची वायर नेलेली असते.

जादा कोबा काढताना एक पथ्य. ब्रेकर मशिन लावू देऊ नका. पाच इंची जुना स्लॅब ते हादरे सोसत नाही. छिन्नी-हातोडीने, थोडा थोडा भाग, आणि मलबा गच्चीवर ढीग न करता लगेच खाली. ठेकेदार दिवस जास्त लागतात म्हणून कुरकुर करेल, करू द्या.

घर विकायच्या आधी रंगवलेलं आहे असं तुम्ही लिहिलंत. त्यामुळे नुसत्या डोळ्यांवर जाऊ नका. तपासण्या करून घ्या, पण त्यांच्या मर्यादाही समजून घ्या. रिबाउंड हॅमर, म्हणजे काँक्रीटवर आपटून उसळीवरून ताकद अजमावणारा हातोडा, सगळ्यात स्वस्त, म्हणून सगळ्यात आधी तोच केला जातो. जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कार्बन डायऑक्साइडमुळे कडक झालेला असतो, त्यामुळे हा हातोडा खऱ्यापेक्षा चांगले आकडे दाखवतो. साठ वर्षांच्या घराचा फक्त रिबाउंड हॅमरचा ‘समाधानकारक’ अहवाल कुणी तुमच्या हातात दिला, तर तो बाजूला ठेवा. मला हवं असतं ते असं: चार-सहा ठिकाणी गिलावा उघडून सळई प्रत्यक्ष पाहणं, ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन फवारणं, सळयांच्या जागा आणि कव्हर शोधणारं यंत्र फिरवणं, संशयाच्या जागी सळई गंजतेय का ते सांगणारी हाफ-सेल चाचणी, आणि स्लॅबमधून अगदी मोजके कोअर, म्हणजे कापून काढलेले गोल नमुने. फिनॉल्फ्थॅलिनची चाचणी इतकी साधी आहे की तुम्ही स्वतः उभं राहून पाहू शकता. क्षार जिवंत आहे तिथे गर्द गुलाबी रंग येतो, मेला आहे तिथे काहीच येत नाही. सळई गुलाबी भागात असेल तर मी सुटकेचा श्वास टाकते.

कोअरचा आकडा पाहून घाबरू नका. त्या काळी १५० किलो प्रति चौरस सेंटिमीटर ताकदीचं काँक्रीट रीतसर मानलं जायचं. आजच्या मानकात आरसीसीसाठी किमान एम-२०, म्हणजे त्याच मापात सुमारे २०० किलोचं, लागतं. म्हणजे आजच्या फूटपट्टीवर तुमचं घर पहिल्या दिवसापासून नापास आहे. पण त्यातले गाळे छोटे आहेत, भार कमी आहे, आणि गवंड्याने मन लावून काम केलं असेल तर ते साठ वर्षं उभं आहेच. इंजिनिअरने आजचं मानक जसंच्या तसं लावून ‘पाडा’ म्हटलं, तर त्याला विचारा की या घरावर प्रत्यक्ष भार किती येतो आणि तो पेलायला किती ताकद लागते. हा हिशोब करायला वेळ लागतो, म्हणून तो टाळला जातो.

गिलावा चार ठिकाणी उघडू द्यायला मालक तयार आहेत का, हे विसाराआधीच विचारा. बिघडवलेला भाग आपल्या खर्चाने भरून द्यायचा, लेखी द्यायचं. माझ्या अनुभवात स्वच्छ व्यवहाराचे मालक याला हरकत घेत नाहीत, बरेचदा त्यांनाही जाणून घ्यायचं असतं. हरकत घेतली, तर त्यातून काय समजायचं ते तुम्ही समजालच.

आणि मूळ नकाशे मागा. महापालिकेच्या मंजूर नकाशाइतकेच आर्किटेक्टचे सळयांचे तपशील महत्त्वाचे. ही घरं बांधणारी माणसं प्राध्यापक, डॉक्टर, सरकारी इंजिनिअर होती. सिमेंटची टंचाई होती, त्यामुळे पोत्यांचा हिशोबसुद्धा वहीत लिहिलेला असायचा. घरातल्या सगळ्यांत वयस्कर व्यक्तीशी अर्धा तास बोला. पाणी पहिल्यांदा कुठून आलं, कधी आलं, काय केलं, हे त्यांना तारखेनिशी आठवत असतं. प्रभात रस्त्याजवळच्याच एका घरात ऐंशी वर्षांच्या आजींनी ट्रंकेतून निळ्या छपाईचा नकाशा काढून दिला आणि आमच्या सहा चाचण्या वाचल्या.

भिंतींकडे वळते, कारण तुम्हाला दिवाणखाना आणि स्वयंपाकघर एक करायचं आहे. १९६४ चा बंगला बहुधा मिश्र बांधणीचा असणार: जोत्यापर्यंत काळा दगड, वर नऊ किंवा चौदा इंची विटांच्या भार पेलणाऱ्या भिंती, आणि फक्त मोठ्या खिडकीच्या बाजूला आरसीसीचे बारीक खांब. मोठ्या खिडकीमुळे पुढची बाजू आधीच मोकळी आहे. भूकंपात आडवा धक्का झेलायचा तो मागच्या भिंतींनी. पुणे भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये येतं. आपल्याकडे भूकंपाचं पहिलं मानक आलं १९६२ मध्ये, कोयनेचा धक्का बसला ११ डिसेंबर १९६७ ला. या दोन्हींच्या मधल्या काळात दुमजली बंगल्याचं भूकंपाचं गणित केलेलं मला अजून एकाही जुन्या कागदात सापडलेलं नाही. तेव्हा संपूर्ण भिंत काढून वर लोखंडी आय-बीम (आडवी तुळई) टाकायची कल्पना सोडा. भिंतीत पाच-सहा फुटांचं उघडं दार ठेवा, दोन्ही बाजूंना भिंतीचे दोन-दोन फूट राखा आणि चौकट आरसीसीची करा. बोलणं ऐकू येतं, वास आणि उजेड दोन्ही मिळतात, आणि भिंत भिंतच राहते.

भिंतींतल्या चिरांचं म्हणाल, तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी, उन्हाळ्यात उघडणारी आणि पावसाळ्यात मिटणारी चीर बहुधा पायाखालच्या काळ्या मातीच्या फुगण्या-आकसण्याची असते. पाया मुरमापर्यंत गेला असेल तर सहसा ती वाढत नाही. चिरेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवून ठेवा. काच तडकली तर हालचाल चालू आहे. हे एका भेटीत कळत नाही. वेळ मिळाला तर करा.

दारं-खिडक्या, जमीन, जाळ्या यांच्याबद्दल मी जरा हट्टी आहे. सागवानी चौकटी काढू नका. लोखंडी सेक्शनच्या खिडक्या असतील तर खालची पट्टी सडलेली असते, बाकीची ठीक असते. खिडकी काढून घासून, तेवढी पट्टी बदलून, झिंकचा प्रायमर मारून परत बसवता येते. त्या जागी यूपीव्हीसीची जाड चौकट आली की काचेचा चौथा हिस्सा चौकटीत जातो, आणि भिंतभर खिडकीचं सगळं कौतुक संपतं. मोझॅकवर व्हिट्रीफाइड टाइल चिकटवू नका. वजन वाढतं, दारं कापावी लागतात, आणि पुढच्या पिढीला खालची जमीन कधीच परत मिळत नाही. पॉलिश करणारा जुना कारागीर शोधा. चार-पाच पाण्याचे हात फिरले की तो जो रंग वर आणतो, तो पाहून तुम्ही टाइलचं नाव काढणार नाही. जिन्याची सिमेंटची जाळी तुटली असेल तर एक चांगला तुकडा साच्यासाठी द्या. तशीच ओतून मिळते.

नळ आणि वायरिंग यांच्यावर मात्र भावना खर्च करू नका. जीआयचे पाइप, बिडाचे सांडपाण्याचे पाइप, लाकडी पट्टीवरची वायर, सगळं नवं करा, थ्री-फेज मीटर घ्या, अर्थिंग नव्याने करा. फक्त स्लॅबला खाचा पाडू देऊ नका, भिंतींना आडव्या खाचा नकोत.

आता एक गोष्ट, जी तुमच्या हातात नाही आणि म्हणूनच आधी पाहायला हवी. शेजारचे दोन प्लॉट. या बंगल्यांची रचना अशी आहे की वारा बाजूच्या मोकळ्या जागेतून येतो आणि जिन्याच्या जाळीतून वर जातो. शेजारी सात मजली इमारत उभी राहिली की वारा, उजेड आणि खासगीपणा तिन्ही बदलतात. त्याआधी तळघरासाठी खडक फोडतात, त्याचे हादरे तुमच्या पायापर्यंत येतात. शेजारी अजून बंगला असेल तर त्याचे मालक काय विचार करतात ते चौकशीने कळतं. इमारत आधीच झाली असेल तर एका अर्थी बरं, जे व्हायचं ते तुम्हाला दिसतंय. काम सुरू व्हायचं असेल, तर सुरुवातीआधी आपल्या घराची तारखेनिशी छायाचित्रं आणि चिरांची नोंद करून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या.

कागदपत्रांचं काम चांगल्या वकिलाचं आहे, मी फक्त माझ्या कामांत जिथे व्यवहार अडलेले पाहिले तेवढं सांगते. प्रॉपर्टी कार्डावर अजून मूळ मालकाचंच नाव असणं आणि वारसांमधल्या मुलींची नावं कुठेच नसणं, हे सर्रास आढळतं. प्लॉट सहकारी सोसायटीचा भाडेपट्ट्याचा असेल तर सोसायटीची संमती लागते. आउटहाऊसमध्ये राहणारी व्यक्ती भाडेकरू आहे का, हे विचारा. गॅरेजवरची खोली मंजूर नकाशात आहे का, ते पाहा. झाड तोडायचं किंवा छाटायचं तर १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली परवानगी लागते. वारसांपैकी कुणी परदेशी राहत असेल, आणि या गल्ल्यांमध्ये तसं असतंच, तर त्यांच्या वाट्यावर कापायचा टीडीएस हा नेहमीचा १ टक्का नसतो, खूप जास्त असतो, आणि तो कापण्याची जबाबदारी घेणाऱ्याची, म्हणजे तुमची असते. साठेखताआधी सीएला भेटा.

मेहुण्यांच्या सल्ल्यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. स्लॅबमधल्या बहुतेक सळया पाव भागाहून जास्त खाल्लेल्या असतील, काँक्रीट हाताने भुगा होत असेल, किंवा पाणी अनेक वर्षं एकाच वेळी गच्ची आणि संडास दोन्हींकडून मुरलेलं असेल, तर मी स्वतः ‘नको’ म्हणते. तुमचा सगळा पैसा खरेदीतच संपत असेल तरीही नको, मग घर कितीही चांगलं असो. अर्धवट दुरुस्त केलेला बंगला हा न दुरुस्त केलेल्यापेक्षा लवकर बिघडतो, कारण नव्या रंगाखाली जुनं पाणी अडकतं. उलट, भिंती कोरड्या असतील, आजार छज्जे, गच्चीच्या कडा आणि न्हाणीघरांपुरता असेल, आणि स्लॅबची सळई मधल्या भागात चकचकीत निघाली, तर हे घर घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. या गल्ल्यांतल्या मी उघडलेल्या घरांत दुसरा प्रकार जास्त वेळा निघाला आहे.

आणि ही घरं वाचवायला दुसरं कुणी येणार नाही. वारसा यादीत वाडे, देवळं, ब्रिटिशकालीन दगडी इमारती असतात. साठच्या दशकातलं काँक्रीट अजून कुणाला जुनं वाटत नाही. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचं हॉल ऑफ नेशन्स हे काँक्रीटचं प्रदर्शन-दालन १९७२ मध्ये उभं राहिलं. राज रेवल यांची रचना, महेंद्र राज यांचं स्ट्रक्चर. एप्रिल २०१७ मध्ये ते एका रात्रीत पाडलं गेलं, कारण वारसा ठरायला साठ वर्षांचं वय हवं आणि ते तेवढं जुनं नव्हतं. आमच्या पिढीच्या इंजिनिअरांना ते फार लागलं. कोकणातल्या आचऱ्यात जन्मलेले आर्किटेक्ट अच्युत कानविंदे मुंबईच्या जे. जे. मधून हार्वर्डला गेले, आधुनिक वास्तुकलेचे प्रणेते ग्रोपियस यांच्या हाताखाली शिकले आणि १९४७ मध्ये परतले. त्यांच्यासारख्यांनी आणलेली साधी, सरळ, उन्हा-वाऱ्याचा विचार करणारी वास्तू पुढे गल्लीबोळातल्या अनाम आर्किटेक्टांनी आपल्या मध्यमवर्गाच्या बजेटमध्ये बसवली. तुम्ही पाहिलेलं घर त्यातलंच एक आहे. ते राहील की जाईल हे विकत घेणाराच ठरवतो.

पैशांचा क्रम असा लावा. तपासणी, मग गच्ची आणि छज्जे, मग न्हाणीघरं आणि नळ, मग वायरिंग, आणि शेवटी स्वयंपाकघर, पॉलिश, रंग. गच्चीचं काम मार्चमध्ये सुरू करून मेअखेर संपवायचं, आणि एक पावसाळा जाऊ द्यायचा. आतल्या भिंतींना नवा रंग पावसाळ्यानंतरच. जो अंदाज निघेल त्यावर पंचवीस ते तीस टक्के वेगळे बाजूला काढा. ते लागतील. गिलावा काढल्यावर जे दिसतं ते कुणालाच आधी दिसलेलं नसतं.

राहिला आईंचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर बहुधा तुमच्या गॅरेजमध्ये आहे. त्या काळची गॅरेजेस फियाट किंवा ॲम्बेसेडरच्या मापाची, साधारण नऊ-दहा फूट रुंद आणि सतरा-अठरा फूट लांब. आजच्या गाड्या तिथे अडचणीनेच शिरतात, त्या पोर्चमध्ये राहू द्या. खोली आणि न्हाणीघर दोन्ही बसतात, पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, आणि फाटकातून आलेलं माणूस त्यांना बसल्या जागी दिसतं. वापर बदलायचा म्हणजे महापालिकेची परवानगी घ्यावी लागेल, ती आर्किटेक्टकडून आधीच विचारून घ्या. गॅरेजची जमीन घराच्या जोत्यापेक्षा खाली असते, म्हणून फरशी उचलून खाली पाण्याची वाफ अडवणारा थर टाका आणि दारात पायरीऐवजी लांब, सौम्य उतार करा. आणि परत जाल तेव्हा गॅरेजच्या मागच्या भिंतीला जमिनीपासून फूटभर उंचीवर हात लावून पाहा. लोणा असेल, हाताला पांढरी पूड लागत असेल, तर त्या भिंतीच्या पलीकडे अंगणात काय आहे ते शोधा. बहुतेक वेळा तिथे बागेचा नळ असतो.